तीन महिन्यांसाठी गेले, एकोणतीस वर्षं राहिले: सायप्रसमधून कॅनडाच्या माघारीचं प्रकरण

हे प्रकरण कशाचं आहे

जून १९९३ मध्ये निकोसिया या सायप्रसच्या राजधानीच्या मधोमध असलेल्या निरीक्षण चौक्यांवरून कॅनडाचे सैनिक उतरले आणि घरी गेले. त्यांच्या देशाने तिथे पहिला पहारा दिला, तेव्हा त्यांच्यातले बरेचजण जन्मलेही नव्हते. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना मार्च १९६४ मध्ये सायप्रसला गेली, ती तीन महिन्यांच्या मुदतीवर. कॅनडाची तुकडी तिच्यात सुरुवातीपासून होती आणि एकोणतीस वर्षं राहिली.

परदेशात सैन्य पाठवायचं की नाही यावर खूप बोललं जातं. संसदेत चर्चा होते, अग्रलेख येतात. ते परत कधी आणायचं, हे मात्र पाठवताना सहसा कुणी ठरवत नाही, आणि एकदा सैन्य तिथे रुळलं की तो प्रश्न विचारणंच अप्रशस्त वाटू लागतं. सायप्रसचं प्रकरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. इथे दारुण पराभव झाला नाही, मोठी नामुष्की झाली नाही. एक चांगलं काम चांगल्या रीतीने चालू होतं आणि त्यातच कुठे थांबायचं हे ठरवायचं होतं. अशा वेळचा निर्णय सर्वांत अवघड असतो.

देश, वर्षं आणि ठराव सार्वजनिक नोंदीतले आहेत. माणसांचा उल्लेख मात्र फक्त पदाने केला आहे, कारण हा निर्णय कुणा एकाच्या स्वभावातून आलेला नव्हता.

पार्श्वभूमी

सायप्रस १९६० साली ब्रिटनपासून स्वतंत्र झाला. बहुसंख्य ग्रीक सायप्रियट, अल्पसंख्य तुर्की सायप्रियट, आणि राज्यघटना अशी की दोघांची संमती असल्याशिवाय महत्त्वाचं काहीच हलू नये. ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तिघे या व्यवस्थेचे हमीदार. डिसेंबर १९६३ मध्ये घटनेवरून पेटलेलं भांडण रस्त्यावर आलं. माणसं मारली गेली, मिश्र वस्त्या रिकाम्या झाल्या. एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढून निकोसियाचे दोन भाग केले. त्या पेन्सिलीच्या रंगावरून तिला ग्रीन लाइन हे नाव पडलं आणि ते आजतागायत चालू आहे.

४ मार्च १९६४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १८६ मंजूर करून शांतिसेना उभी केली. कॅनडाच्या संसदेने १३ मार्चला मंजुरी दिली आणि लगेच सैनिक निघाले. सुरुवातीला कॅनडाचे हजाराहून जास्त लोक बेटावर होते. एवढी घाई करण्याचं कारण स्पष्ट होतं. ग्रीस आणि तुर्कस्तान दोघंही नाटोचे सदस्य. ते एकमेकांवर तुटून पडले असते, तर शीतयुद्धाच्या ऐन भरात त्या आघाडीची एक बाजूच ढासळली असती. शिवाय कॅनडाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांना १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून उद्भवलेल्या पेचात शांतिसेनेची कल्पना पुढे रेटल्याबद्दल १९५७ चं शांततेचं नोबेल मिळालेलं होतं. शांतिसेनेत सामील होणं हा त्या देशाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचाच भाग बनला होता.

ठराव १८६ मधल्या दोन तरतुदींनी पुढची तीन दशकं घडवली. पहिली, तीन महिन्यांची मुदत. दुसरी, पैशांची. त्या काळात काँगो आणि सिनाईतल्या मोहिमांचा खर्च द्यायला सोव्हिएत संघ आणि फ्रान्स यांनी नकार दिला होता आणि संयुक्त राष्ट्रांचा कारभार आर्थिक संकटात होता. त्यामुळे सायप्रसमधल्या शांतिसेनेचा खर्च सगळ्या सदस्य देशांवर सक्तीने लादायचं टाळलं गेलं. तुकड्या पाठवणाऱ्या देशांनी आपला बराचसा भार आपणच उचलायचा आणि उरलेलं ऐच्छिक वर्गणीतून भागवायचं, असं ठरलं. तीन महिन्यांसाठी ही सोय चालली असती. प्रत्यक्षात तिच्यावर एकोणतीस वर्षं काढली गेली.

मुदत संपली की वाढवली जायची. आधी तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. सरचिटणीसांचा अहवाल यायचा, परिस्थिती शांत पण नाजूक असल्याचं सांगितलं जायचं आणि मागच्या पानावरून पुढे काम सुरू व्हायचं.

१९७४: पहिली खरी कसोटी

१५ जुलै १९७४ रोजी अथेन्समधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध उठाव झाला. पाचच दिवसांत, २० जुलैला, तुर्कस्तानचं सैन्य बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर उतरलं. निकोसियात तेव्हा कॅनडाच्या एअरबोर्न रेजिमेंटचे (हवाई छत्रीधारी तुकडीचे) सैनिक होते. दोन वस्त्यांमधल्या चकमकी थोपवण्यासाठी आलेली ही सेना अचानक दोन सैन्यांच्या मधोमध सापडली. संयुक्त राष्ट्रांनी निकोसियाचा विमानतळ स्वतःच्या संरक्षणाखाली घेतला आणि तो दोन्ही बाजूंना मिळू दिला नाही. त्या धुमश्चक्रीत आणि तिच्या पाठोपाठच्या आठवड्यांत कॅनडाचे दोन सैनिक मारले गेले, अनेक जखमी झाले. कॅनडाच्या सरकारने तुकडी काढून घेतली नाही. उलट कुमक पाठवून ती जवळजवळ दुप्पट केली.

तो निर्णय मला बरोबरच वाटतो. गोळ्या झाडल्या जात असताना मधला माणूस उठून गेला असता तर त्या क्षणी किती जीव गेले असते, याचा विचारही करवत नाही. आणि कॅनडाला तसं उठून जाणं काय असतं हे ठाऊक होतं. मे १९६७ मध्ये इजिप्तने सिनाई आणि गाझामधली शांतिसेना निघून जावी असं सांगितलं, कॅनडाच्या तुकडीला तर अठ्ठेचाळीस तासांत निघायला लावलं. ५ जूनला युद्ध पेटलं, तेव्हा गाझात अजून अडकून पडलेल्या भारतीय सैनिकांपैकी काहींचे त्यात प्राण गेले. शांतिसेना हटली की युद्ध येतं, ही भीती तेव्हापासून मनात घर करून होती. सायप्रसचा प्रत्येक निर्णय घेताना ती भीती टेबलावर असणारच.

१६ ऑगस्ट १९७४ च्या शस्त्रसंधीनंतर मात्र कामाचं स्वरूपच बदललं. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १८० किलोमीटर लांबीचा मध्यपट्टा तयार झाला. कुठे सात किलोमीटर रुंद, तर जुन्या निकोसियात इतका अरुंद की समोरासमोरचे पहारेकरी एकमेकांना शिव्या देऊ शकत. कुणी रात्रीत वाळूची चार पोती जास्त रचली, कुणी चौकी दोन हात पुढे सरकवली, कुणी बंदूक रोखली, की शांतिसेनेचा माणूस मध्ये जाऊन उभा राहायचा आणि पूर्वस्थिती करून घ्यायचा. पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना शेतावर जाऊ देणं, दोन्ही बाजूंच्या पाण्याविजेचे प्रश्न सोडवणं, हेही त्यातच आलं.

इथे पहिली निर्णयाची जागा होती आणि ती हातची गेली. १९६४ ची तुकडी ज्या कामासाठी पाठवली होती, ते काम १९७४ ला संपलं. मिश्र वस्त्या जवळजवळ उरल्याच नाहीत; लाखो माणसं घरं सोडून दक्षिणेला किंवा उत्तरेला गेली. आता जे करायचं होतं ते नवं काम होतं. नव्या कामाला नवी मुदत, नवा खर्चाचा हिशेब, नवी अट लावता आली असती. जुन्याच ठरावाखाली, जुन्याच पैशाच्या व्यवस्थेत ते ढकललं गेलं.

अडचण कशी साचत गेली

सायप्रसच्या प्रकरणात फसवं असं काही असेल तर ते यश. चौक्यांवर शांतता होती. सहा महिन्यांनी तुकडी बदलायची. तरुण कॉर्पोरल आणि सार्जंटना तिथे स्वतःच्या जबाबदारीवर गस्त घालायला, वाद मिटवायला, तातडीने निर्णय घ्यायला मिळायचं. सैन्याच्या दृष्टीने ही उत्तम शाळा होती. मायदेशातल्या जनतेला त्या तुकडीचा अभिमान होता. कुणाचीच तक्रार नव्हती, म्हणून कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

तिजोरीत मात्र खड्डा पडत होता. ऐच्छिक वर्गणी पुरेशी येत नव्हती. तुकड्या पाठवणाऱ्या देशांना त्यांच्या खर्चाची भरपाई वर्षानुवर्षं उशिरा आणि अर्धवट मिळत होती. १९९३ पर्यंत या खात्यातली तूट सुमारे २० कोटी डॉलरवर गेली. फिनलंडने १९७७ मध्येच आपली पलटण काढून घेतली होती, स्वीडनने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. निघताना पैशाकडे आणि राजकीय वाटाघाटींच्या ठप्प अवस्थेकडे बोट दाखवलं जात होतं. उरलेले देश थोडे जास्त पसरून जागा भरून काढत होते. दुखणं अंगावर काढलं जात होतं.

मग १९९२ साल आलं आणि सगळं एकदम अंगावर आलं. शीतयुद्ध संपलेलं होतं. कॅनडाने त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात जर्मनीतून आपलं सगळं सैन्य काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. संरक्षण खर्चाला कात्री लागत होती. त्याच वेळी शांतिसेनेची मागणी कधी नव्हती इतकी वाढली. क्रोएशियात कॅनडाची पलटण, जुलैमध्ये साराजेवोचा विमानतळ उघडायला कॅनडाचे सैनिक, कंबोडियात कॅनडाचे लोक, आणि वर्षाअखेरीस सोमालिया. एका पलटणीला परदेशात ठेवायचं तर दुसरी तयारीत असावी लागते आणि तिसरी नुकतीच परतलेली असते. म्हणजे निकोसियात पाचशे माणसं ठेवायची, तर खरा भार त्याच्या कितीतरी पट.

राजकीय आघाडीवर त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी तोडग्याचा मसुदा मांडला होता. वाटाघाटी झाल्या, पण हाती काही लागलं नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ७८९ करून विश्वास वाढवणारी पावलं सुचवली. त्यांत एक होतं १९८९ मध्ये निकोसियात दोन्ही बाजूंनी समोरासमोरच्या काही चौक्या रिकाम्या केल्या होत्या, तीच पद्धत सगळ्या पट्ट्यात लागू करण्याचं. सूचना चांगली होती. दोन्ही बाजूंनी ती पुढे नेली नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, आहे तसं राहणं. याच्या बाजूने सर्वांत मजबूत युक्तिवाद जीवितहानीचा होता: तुकडी आहे म्हणून माणसं मरत नाहीत, ती हटवून प्रयोग का करायचा? याला उत्तर देणं कठीण, कारण न घडलेल्या युद्धाचा पुरावा देता येत नाही. पण तोच युक्तिवाद दहा वर्षांनी, वीस वर्षांनीही तितकाच खरा ठरला असता. ज्या कारणाला शेवट नाही, ते कारण राहण्यासाठी कधीच अपुरं पडत नाही. तिथेच त्याची मर्यादा दिसते.

दुसरा, पलटण काढून थोडे निःशस्त्र निरीक्षक ठेवणं. खर्च एकदम खाली आला असता. खुल्या माळरानावरच्या पट्ट्यात हे चाललंही असतं. निकोसियाच्या गल्लीत मात्र निरीक्षक अहवाल लिहीपर्यंत दगडाची गोळी झालेली असते. तिथे लगेच मध्ये उभं राहणारा गणवेशातला, संख्येने पुरेसा असलेला माणूसच लागतो.

तिसरा, अट घालून राहणं: अमुक तारखेपर्यंत खर्चाची पद्धत बदला, नाहीतर आम्ही जातो. याचा नमुना कॅनडाच्या स्वतःच्याच इतिहासात होता. १९५४ पासून भारत आणि पोलंड यांच्याबरोबर हिंदचीनमधल्या (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) शस्त्रसंधीच्या करारावर देखरेख करणाऱ्या नियंत्रण आयोगात काम करून तो देश पोळलेला होता. करार दोन्ही बाजू मोडत होत्या आणि आयोग नोंदी करत बसला होता. म्हणून जानेवारी १९७३ मध्ये व्हिएतनामच्या नव्या आयोगात जाताना कॅनडाने आधीच साठ दिवसांची मुदत जाहीर केली. परिस्थिती पाहून एकदा ती वाढवली आणि ३१ जुलै १९७३ ला तो बाहेर पडला. जागा इराणने घेतली. जाण्याच्या आधीच परतीची अट सांगितल्यामुळे निघताना दगा दिल्याचा आरोप चिकटला नाही. हा धडा घरातच असताना सायप्रसबाबत तो वापरला गेला नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं नवल वाटतं.

चौथा, बदली देश सापडला की मगच निघणं. हा सर्वांत जबाबदार दिसतो. पण जोवर तुम्ही उभे आहात तोवर बदली शोधायची घाई कुणालाच नसते. शिवाय जुन्या पद्धतीत येणाऱ्या नव्या देशालाही स्वतःच्याच खिशात हात घालावा लागणार होता. मग येणार कोण?

पाचवा, ठरावीक सूचना देऊन निघणं.

काय केलं

डिसेंबर १९९२ मध्ये कॅनडाने जाहीर केलं की आपली तुकडी जून १९९३ पर्यंत परत जाईल. त्याच महिन्यात शांतिसेनेची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली, त्यामुळे माघार आणि मुदतीचा शेवट जुळून आले. म्हणजे साधारण सहा महिन्यांची सूचना. कारणं सरळ सांगितली गेली: राजकीय तोडग्याकडे प्रगती नाही, खर्चाची व्यवस्था अन्यायाची आहे आणि सैन्याला इतरत्र जास्त गरज आहे.

या घोषणेचा धक्का न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात बसला. डेन्मार्कची पलटण त्याच हिवाळ्यात निघाली होती, ब्रिटनने आपली माणसं कमी केली होती. आता निकोसियाची बाजूच उघडी पडणार म्हटल्यावर खर्चाचा प्रश्न पहिल्यांदा पुढे ढकलता येईना. सरचिटणीसांनी ही सेना चालू ठेवायची तर तिचा खर्च सर्व सदस्य देशांत वाटून घ्यावा लागेल, असं मांडलं. ११ मे १९९३ रोजी तसा मसुदा मतदानाला आला आणि रशियाने त्यावर नकाराधिकार वापरला. सोव्हिएत संघाच्या जागी बसल्यानंतरचा रशियाचा तो पहिला नकाराधिकार, आणि तो एका बेटावरच्या शांतिसेनेच्या बिलावर. पैसा ही दुय्यम बाब असते असं मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

सोळा दिवसांनी, २७ मे रोजी, ठराव ८३१ मंजूर झाला. सायप्रसच्या सरकारने खर्चाचा एक तृतीयांश भाग आणि ग्रीसने दरसाल ६५ लाख डॉलर देण्याची तयारी दाखवली होती. उरलेला खर्च पुढच्या मुदतीपासून संयुक्त राष्ट्रांचा सामायिक खर्च मानायचं ठरलं. सेनाही नव्याने बांधायची होती: प्रत्येकी सुमारे ३५० सैनिकांच्या तीन पलटणी आणि थोडे निरीक्षक. एकोणतीस वर्षं अडलेलं घोडं सहा महिन्यांत पुढे गेलं.

कॅनडाची तुकडी त्याच जूनमध्ये निघाली. एकूण ३३ हजारांहून अधिक कॅनडियन सैनिकांनी त्या बेटावर सेवा केली, २८ जण परतले नाहीत.

पुढे काय झालं

युद्ध झालं नाही. निकोसियाची जबाबदारी ब्रिटिश तुकडीने घेतली, पूर्वेला ऑस्ट्रियाची तुकडी होतीच. त्याच वर्षी पुढे अर्जेंटिनाची पलटण आली आणि पश्चिमेकडचा भाग तिच्याकडे गेला. फॉकलंडच्या युद्धाला अकरा वर्षं झाली होती, आणि आता अर्जेंटिना व ब्रिटन यांचे सैनिक एकाच सेनेत, एकाच निळ्या टोपीखाली काम करत होते. हे लिहितानाही मला बरं वाटतं. अर्जेंटिना आली त्याचं एक मोठं कारण उघड आहे: आता येणाऱ्या देशाला भरपाईची खात्री होती.

पण तोडगाही निघाला नाही. शांतिसेनेच्या आडोशाने दोन्ही बाजूंचे नेते निर्धास्त झाले आहेत, ती हटली की ते वाटाघाटींना गंभीरपणे बसतील, असं म्हणणारे होते. त्यांचं म्हणणं या प्रकरणातून सिद्ध झालं नाही आणि खोटंही पडलं नाही, कारण जागा रिकामी राहिलीच नाही. युद्धाची भीती दाखवणाऱ्यांचंही तेच. एका देशाची माघार आणि शांतिसेनेची माघार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंत्रालयातल्या टिपण्यांपासून अग्रलेखांपर्यंत त्या सर्रास एक समजल्या जातात. कॅनडाने निघताना फक्त पहिली केली.

ऑगस्ट १९९६ मध्ये बेटाच्या पूर्वेकडच्या देरिनियाजवळ मध्यपट्ट्यात निदर्शनं चिघळली. एका ग्रीक सायप्रियट निदर्शकाला मारहाण करून ठार करण्यात आलं आणि तीनच दिवसांनी तुर्की ध्वजस्तंभावर चढणाऱ्या दुसऱ्याला गोळी घातली गेली. शांतिसेनेचे सैनिकही गोळीबारात जखमी झाले. पातळ झालेल्या सेनेला एवढी गर्दी रोखणं अवघड गेलं. याचं खापर कॅनडाच्या माघारीवर फोडता येणार नाही, पण माणसं कमी करण्याची किंमत शून्य असते असंही म्हणता येणार नाही.

२००३ मध्ये रेषेवरचे रस्ते लोकांसाठी उघडले. एप्रिल २००४ च्या सार्वमतात एकत्रीकरणाची योजना तुर्की सायप्रियटांनी स्वीकारली आणि ग्रीक सायप्रियटांनी मोठ्या बहुमताने फेटाळली. शांतिसेना अजून तिथेच आहे.

मोकळ्या झालेल्या सैन्याचं काय झालं, हेही पाहायला हवं. क्रोएशिया आणि बोस्नियात राखायला शांतताच नव्हती. सायप्रसच्या शाळेत शिकलेलं चौकीवरचं संयमी वागणं तिथे अपुरं पडलं. आणि मार्च १९९३ मध्ये, निकोसियातला शेवटचा काळ चालू असतानाच, सोमालियात कॅनडाच्या सैनिकांनी एका तरुणाला छळ करून मारलं. ते सैनिक त्याच एअरबोर्न रेजिमेंटचे होते, जी १९७४ मध्ये निकोसियात धैर्याने उभी राहिली होती. १९९५ मध्ये ती रेजिमेंट बरखास्त झाली. सायप्रसची माघार आणि ही घटना यांचा थेट संबंध नाही. पण इथली माणसं तिथे जास्त उपयोगी पडतील हा हिशेब मांडताना ती माणसं त्या दुसऱ्या कामासाठी तयार आहेत का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. तो त्या घाईत मागे पडला.

निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहताना

माघारीचा निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. वेळ आणि रीत यांबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.

वेळेबद्दल आधी. १९७४ नंतरच्या मुदतवाढींपैकी एका जरी वेळी कॅनडाने परतीची अट जाहीर केली असती, तर खर्चाचा प्रश्न ऐंशीच्या दशकातच सुटण्याची शक्यता होती. स्वीडन निघत असताना तर ती संधी अगदी समोर होती. तेव्हा उरलेल्या देशांनी एकत्र येऊन, पद्धत बदलल्याशिवाय आम्ही ही जागा भरणार नाही, असं म्हणायला हवं होतं. ते भले होते, त्यांनी जागा भरली. भलेपणाने थकबाकी वाढत गेली आणि शेवटी ज्याचा भार सर्वांत जड झाला तो उठला. ठराव ८३१ चा खरा लाभ झाला तोही निघून जाणाऱ्या देशाला नाही, मागाहून येणाऱ्यांना. जुनी तूट तशीच राहिली.

सहा महिन्यांच्या मुदतवाढीचं चक्रही तपासायला हवं. लहान मुदत ठेवली की नियमित फेरविचार होईल, अशी समजूत असते. झालं उलटंच. सहा महिन्यांत राजकारणात काही मोठं घडत नाही, म्हणून प्रत्येक वेळी अजून एकदा पाहू असं म्हणणं सोपं जातं. पाठवणाऱ्या देशाने स्वतःचं वेगळं, लांब पल्ल्याचं घड्याळ ठेवावं. तीन किंवा चार वर्षांनी एकदा, परराष्ट्र आणि संरक्षण दोन्ही खात्यांनी मिळून, आज ही तुकडी तिथे नसती तर आपण ती नव्याने पाठवली असती का, याचं लेखी उत्तर द्यावं. उत्तर होकारार्थी असेल तर राहावं, आणि का ते संसदेत सांगावं.

रीतीबद्दल दोन गोष्टी. सहा महिने हा काळ न्यूयॉर्कला हलवायला पुरला, पण जागेवर कमी पडला. जूननंतर नवी पलटण येईपर्यंतच्या महिन्यांत उरलेल्या तुकड्यांना ताणून उभं राहावं लागलं. अठरा महिन्यांची सूचना आणि तिच्यातही आधी चौक्या हळूहळू कमी करत जाणं, हे शक्य होतं. १९८९ ची चौक्या रिकाम्या करण्याची पद्धत आणि माघारीचं वेळापत्रक एकमेकांना बांधलं असतं, तर निघणाऱ्या पाचशे माणसांच्या बदल्यात दोन्ही बाजूंकडून काहीतरी मागता आलं असतं. जाणं हे हातातलं एकमेव नाणं होतं. ते खर्चाच्या वादात वटवलं गेलं, रेषेवर काहीच न मिळवता.

दुसरी गोष्ट लहान दिसते, पण चौकीवर तिचंच मोल जास्त. कुठल्या गल्लीत कोणता वाद आधी तीनदा होऊन गेला आहे, समोरचा अधिकारी रागावला की किती वेळ थांबायचं, पट्ट्यातला कोणता शेतकरी कोणत्या वाटेने आपल्या बागेत जातो, हे फायलीत पूर्ण उतरत नाही. निकोसियात ते एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे एकोणतीस वर्षं चालत आलेलं होतं. माघारीच्या वेळापत्रकात नव्या-जुन्या तुकड्यांनी काही आठवडे एकाच चौकीवर बरोबर उभं राहण्यासाठी जागा ठेवायला हवी होती. नाहीतर नव्या जवानांना ती रेषा पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.